आधी मागता यायला हवं

आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक ठरलेला मेसेज येतो. "मुलीचा वाढदिवस यंदा वेगळ्या पद्धतीने करायचाय. एखादा चांगला अनाथाश्रम सुचवा. शक्यतो कोथरूड-वारज्याच्या बाजूला, पार्किंग असलेला." खाली लगेच जोडलेले हात, टाळ्या, 'किती छान संस्कार!' मग कुणी नंबर टाकतं, कुणी विचारतं की केक बाहेरून नेलेला चालतो का. पुढच्या रविवारी फोटो येतात. वाढदिवसाची मुलगी मधोमध, हातात सुरी. मागे तिच्याच वयाची वीस-पंचवीस मुलं, तेल लावून चापून बसवलेल्या केसांची, टाळ्या वाजवणारी.

हेतूबद्दल माझी तक्रार नाही. हॉटेलात वीस हजार उडवण्यापेक्षा हे बरंच. पण माझ्या ओळखीची एक बाई अशाच एका संस्थेचं स्वयंपाकघर सांभाळते. तिच्याकडून ऐकलंय ते असं, की रविवारी दुपारी श्रीखंड, चारला केक, सहाला पुन्हा केक आणि रात्री कुणाच्या तरी वर्षश्राद्धाची जिलबी. एका दिवसात तीन अनोळखी मुलांसाठी 'हॅपी बर्थडे' म्हणून झालेलं असतं. बुधवारी तूरडाळ उधारीवर आणायची असते. ती म्हणाली, "ताई, केक आणू का म्हणून सगळे विचारतात. गॅस सिलिंडर भरून देता का म्हटलं की म्हणतात, घरी विचारून सांगतो. सिलिंडरबरोबर फोटो कसा काढणार?"

आणि वाढदिवसाची मुलगी तिथून काय घेऊन येते? आपण उभे, ते बसलेले. आपण दिलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिला औदार्य शिकवायला नेलेलं असतं आणि ती पायरी शिकून येते. दहा वर्षांच्या मुलांना पायऱ्या फार लवकर कळतात, आपण समजतो त्यापेक्षा कितीतरी लवकर.

मला बरेच दिवस वाटतंय की मुलांना द्यायला शिकवायचं तर आधी मागण्याची आणि घेण्याची बाजू त्यांच्या अंगावरून गेलेली असावी लागते. ही बाजू आपल्या घरांतून निघून गेली. नुसतं देणं मागे उरलं, आणि ते एकटं असलं की फार लवकर फुगतं.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. नवरात्रात मंगळवारी आणि शुक्रवारी आई परडी घेऊन जोगवा मागायला निघायची. पाच घरं. आमच्याकडे तेव्हा खाऊनपिऊन बरं होतं, कुणाच्या दारात उभं राहायची वेळ आलेली नव्हती. तरी त्या दिवशी आई अनवाणी निघायची, उंबऱ्याबाहेर थांबायची आणि "आंबाबाईचा जोगवा" म्हणून हाक द्यायची. मी तिच्या पदराला धरून. पाच घरांत एक घर असं होतं की त्यांच्याशी बांधावरून आमचं बोलणं बंद होतं. आई त्या घरी मुद्दाम जायची. काकू बाहेर यायच्या, आईकडे न बघता सुपातलं ज्वारीचं पीठ परडीत घालायच्या, आईला हळदीकुंकू लावायच्या, माझ्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवायच्या. शब्द एक नाही. आम्ही घरी येऊन त्या पाच घरच्या पिठाच्या भाकरी थापायचो आणि भांडणातल्या घरचं पीठही पोटात जायचं. भांडण मिटलं वगैरे नाही. बांध अजून तिथेच आहे, वाकडाच. पण त्या दारात उभं असताना पोटात जो गोळा यायचा, आज काकू नाही म्हणाल्या तर काय, तो मला अजून आठवतो. पुढे आमच्या दारात कुणी मागायला आलं की मला आधी तो गोळा आठवायचा, मग त्या माणसाचा चेहरा दिसायचा.

खंडोबाचे भक्त कोटंबा, म्हणजे भिक्षेचं पात्र, घेऊन वारी मागतात तेही पाच घरीच. ब्राह्मणांकडच्या मुंजीत बटूच्या गळ्यात झोळी अडकवतात आणि सख्ख्या आईपुढे "भवति भिक्षां देहि" म्हणायला लावतात. आज भिक्षावळीला लाडूंची पाकिटं आणि अहेराचे लिफाफे पडतात, व्हिडिओवाला "बाळा, इकडे बघ" म्हणतो, हे खरं. मुंज ठरावीक जातींतल्या मुलग्यांचीच, हेही खरं. पण ज्यांच्या घरी भरपूर आहे त्यांनीही वर्षातून किंवा जन्मातून एकदा तरी हात पसरावा, ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असला पाहिजे. देणाऱ्याचा ताठा उतरवायचा याहून स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही.

आता माझ्या वडिलांबद्दल, आबांबद्दल. ते पंच्याऐंशी ओलांडून गेलेत. त्यांचं शिक्षण रयतच्या बोर्डिंगात झालं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, आणि 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला, ही त्या काळात केवढी गोष्ट होती ते आज सांगूनही पटकन कळत नाही. पैसा नव्हताच. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या मुलांना जेवू घालायला एकेक दागिना मोडला, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. हे आमच्याकडे शाळेत धडा म्हणून शिकवलं जायचं. आबांना मात्र धड्यापेक्षा मुष्टिफंडाबद्दल बोलायला आवडतं.

मुष्टिफंड म्हणजे घरातल्या बाईने दळायला बसण्याआधी एक मूठ धान्य संस्थेच्या नावाने बाजूला टाकायचं. जेवून उरलं तर देऊ असं नाही, जात्यात पडण्याआधीच. ते मडक्यात साठायचं, मग पोरं येऊन पोत्यात भरून न्यायची. आबा सांगतात, "मूठ कुणाची ज्वारीची, कुणाची बाजरीची, कुणी मध्येच नाचणी टाकलेली. सगळं एकत्र दळायचं. त्या पिठाची भाकरी नीट थापायचीच नाही, तव्यावर टाकताना तुटायची. आम्ही म्हणायचो, आज कुठल्या गावची भाकरी तुटली रे?" ज्या बायकांनी ती मूठ टाकली त्यांनी आबांना कधी बघितलं नाही, आबांनी त्यांना बघितलं नाही. आभार कुणाचे मानायचे? मानलेच नाहीत. आबांनी पुढे नोकरी लागल्यावर दर महिन्याला पगार हातात आला की पोस्टात जाऊन एका वसतिगृहाला मनिऑर्डर केली, घरखर्चाचे पैसे आईकडे देण्याआधी. आईची त्यावरून कधीकधी कुरबूर असायची, विशेषतः जून महिन्यात, आमच्या शाळेच्या खर्चाच्या तोंडावर. रक्कम मोठी नव्हती. पण ती चुकल्याचं मला आठवत नाही. त्यांनी आम्हा भावंडांना त्यावर एक वाक्यही कधी ऐकवलं नाही. मनिऑर्डरच्या पोचपावत्या पत्र्याच्या डब्यात असायच्या आणि शाईचे डाग पडलेल्या त्या गुलाबी-पिवळट कागदांशी आम्ही पोस्ट-पोस्ट खेळायचो. पूर्ण शिक्षण ते एवढंच.

माझ्या मुलीने एकदा त्यांना सरळच विचारलं, "आबा, दुसऱ्यांचं खायची लाज नाही वाटायची?"

"लाज कसली? भूक लागायची," आबा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "लाज वाटायला देणारा समोर उभा असावा लागतो."

हे वाक्य मला त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं होतं. टाकलं नाही.

आमच्या आताच्या घरात जातं नाही, दळण नाही, मनिऑर्डर नाही. माझ्या खात्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कम एका संस्थेकडे आपोआप जाते. मोबाइल एकदा थरथरतो, झालं. सोय म्हणून उत्तम, पण मुलांच्या दृष्टीने ते घडतच नाही. आबांची मनिऑर्डर दिसायची. सायकल काढणं, पोस्टातली रांग, गोंदाची बाटली, सगळं दिसायचं. मुलं जे दिसतं ते उचलतात. म्हणून आम्ही घरात थोडा उलटा प्रवास केलाय. पहिल्या तारखेला किराण्याची यादी करण्याआधी काही रक्कम रोख काढायची आणि ओट्याच्या वरच्या फळीवर एका बरणीत टाकायची. त्यातला काही भाग कुठे द्यायचा ते मुलांनी ठरवायचं, आम्ही फक्त प्रश्न विचारायचे. गुल्लक त्यांची वेगळी, तिला आम्ही हात लावत नाही. बरणीची सवय लागून मुलीला आता नको तेवढी माहिती झालीय. रोख देणगी 2,000 रुपयांच्या वर गेली की प्राप्तिकरातली देणगीची सवलत मिळत नाही, हे तिने परवा तिच्या काकाला भर जेवणात सुनावलं.

बरणीपेक्षा 'आधी' हे महत्त्वाचं. किराण्याआधी. जात्याआधी. महिन्याच्या शेवटी उरलेल्यातून द्यायचं म्हटलं की उरत नाही, हे कुठल्याही मध्यमवर्गीय घराला माहीत आहे, आणि मुलांना तर खाऊच्या पैशांवरून फारच लवकर कळतं.

थेंबाथेंबाच्या या हिशेबावर महाराष्ट्रात कायकाय उभं राहिलं बघा. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून 1908 साली तळेगावात काचेचा कारखाना निघाला. एक पैसा ही रक्कम मला फार हुशारीची वाटते. पोरासोरालाही ती देता यायची, आणि दिली की कारखान्याचा एक तुकडा त्याचा व्हायचा. धोंडो केशव कर्व्यांनी, म्हणजे अण्णांनी, 1896 मध्ये विधवांच्या आश्रमाचं काम सुरू केलं, 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव लागलं. एवढी देणगी मिळालेला माणूस पुढे घरी बसला असता तर कुणी नावं ठेवली नसती. अण्णांनी 1936 साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवी संस्था काढली आणि पुन्हा पैसे मागायला बाहेर पडले. आपण मुलांना ठाकरसींसारखं व्हायला सांगतो. मोठा हो, कमव, मग दे. मागणाऱ्या अण्णांसारखं हो असं कुणी सांगत नाही. 'कुणापुढे हात पसरू नको' हे तर आपलं बाळकडूच.

अपवाद एकच, गणपतीची वर्गणी. ती अजून मुलांकडे आहे.

आमच्या सोसायटीत लहान मुलांचा एक वेगळा छोटा गणपती असतो. मोठ्यांच्या गणपतीशी त्याचा काही संबंध नाही, उलट थोडी खुन्नसच. ही मुलं ऑगस्टमध्ये पावती पुस्तक छापून घेतात आणि संध्याकाळी विंगवार फिरतात. मुलीबरोबर एकदा मी दोन मजले गेले होते, जिन्यात उभी राहून ऐकायला. पहिल्या दारात एका काकांनी इंटरव्ह्यू घेतला: कोणती इयत्ता, टक्के किती, टिळकांनी गणेशोत्सव का सुरू केला. वीस रुपये. दुसऱ्या दारात आतून बाईंचा आवाज, "सांग घरात कुणी नाही म्हणून," आणि एका छोट्या मुलाने दार उघडून प्रामाणिकपणे सांगितलं, "आई म्हणतेय घरात कुणी नाही." तिसऱ्या दारात एक आजी. त्यांनी सगळ्यांना आत घेतलं, राजगिऱ्याच्या वड्या दिल्या आणि दहा रुपये. मुलगी जिन्यात येऊन म्हणाली, "दहाच दिले, पण भारी वाटलं." आणि काकांचे वीस? "ते द्यायचे म्हणून दिले." हे तिला मी सांगितलेलं नव्हतं. माझ्याच्याने ते सांगून झालंही नसतं.

त्याच मुलांनी गेल्या वर्षी ठरवलं की उरलेले पैसे 'गरीब मुलांना' द्यायचे. मी शब्दावर अडले नाही. फक्त म्हटलं, ज्यांना देणार त्यांना काय हवंय ते विचारा. भोर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचा नंबर आमच्याकडे होता. मुलांनी फोन स्पीकरवर टाकला. आधी कोण बोलणार यावर ढकलाढकली, मग मुलीने गळा साफ करून सुरुवात केली, "सर, आम्हाला तुमच्या शाळेला वह्या द्यायच्यात."

"वह्या?" पलीकडे थोडी शांतता. "वह्या खूप आल्यात हो. कपाटात ठेवायला जागा नाही. दर जूनला वह्याच येतात."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. "मग काय पाहिजे सर?"

"थांबा, पोरांनाच विचारतो." मग लांबून गलका, पुन्हा गुरुजी. "बॉल पाहिजेत म्हणतात. टेनिसचे. मैदानाच्या खाली ओढा आहे, पावसाळ्यात बॉल गेला की गेला. चार दिवसांत संपतात."

फोन ठेवल्यावर आमच्याकडची मुलं जराशी खट्टू. एक जण म्हणाला, "बॉल काय? म्हणजे नुसतं खेळायला?" त्याच्या डोक्यात गरीब मुलगा कंदिलाखाली अभ्यास करत बसलेला असणार. हा दोष त्याचा नाही. आपण त्यांना दाखवलेला गरीब मुलगा नेहमी अभ्यासच करत असतो. तो यॉर्कर टाकतो, आउट दिल्यावर भांडतो, बॉल ओढ्यात गेला की शिव्या घालतो, हे आपण सांगितलेलंच नसतं. मोठ्यांच्या कमिटीतही कुणीतरी नाक मुरडलंच, बॉलसाठी का वर्गणी द्यायची म्हणून. मुलं मात्र एव्हाना पेटली होती. कुठला बॉल जास्त टिकतो, भिजला तर जड होतो का, एकदम खोक्याने घेतले तर किती स्वस्त पडतात. आपल्यासारख्याच पोरांचा प्रश्न समोर आल्यावर 'गरीब मुलं' हा शब्द त्यांच्या बोलण्यातून गळून गेला. 'ती पोरं' म्हणायला लागले. 'त्या पोरांचा बॉल.'

पुण्यात राहण्याचा एक फायदा असा की वर्षातून एकदा देणं कसं असावं ते रस्त्यावर बघायला मिळतं. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते, तेव्हा मी मुलांना घेऊन त्या गल्ल्यांतून फिरते. केळी, राजगिऱ्याचे लाडू, रेनकोट वाटणारे मंडप असतातच, त्यांच्यावर देणाऱ्यांचे फोटो वारकऱ्यांपेक्षा मोठे. ते सोडून द्या. मला दाखवायचे असतात ते कडेला बसलेले लोक. कुणी खुर्ची टाकून वारकऱ्यांची दाढी-कटिंग फुकट करून देतंय. कुणी चपलांचे तुटलेले अंगठे शिवून देतंय. कुणी पाय चोळून देतंय. ज्याच्या हातात जे काम आहे ते त्याने त्या दिवशी देऊन टाकलंय. आम्ही एका चप्पल शिवणाऱ्या मामांपाशी बराच वेळ उभे होतो. ते वर बघतही नव्हते. समोर पाय येत होते, चिखलाने भरलेले. चप्पल काढून घ्यायची, आरीने दोन टाके घालायचे, दोरा दाताने तोडायचा, चप्पल खाली ठेवायची आणि त्या पायांना हात लावून नमस्कार करायचा. पुढचे पाय.

माझ्या धाकट्याने तिथे एका आजींना केळं दिलं. त्यांच्या पिशवीत आधीच केळ्यांचा ढीग होता. त्यांनी ते घेतलं, कपाळाला लावलं आणि कनवटीला बांधलेली पुरचुंडी सोडून खडीसाखरेचा एक खडा त्याच्या तोंडात घातला. "केळी लई झाली माउली, बाटलीत पाणी भरून आण." तो पळत गेला. येताना तोंडात खडीसाखर, हातात गळकी बाटली आणि चेहऱ्यावर मोठी जबाबदारी. कुणी कुणाला दिलं याचा हिशेब तिथे लागत नाही. घेणाऱ्याच्या पाया पडायची पद्धत वारीत आहे म्हणून तो लागत नाही. वाढदिवसाच्या त्या फोटोत मुलीने खाली वाकून समोरच्या पोराच्या पाया पडायचं असतं तर फोटो काढला गेला असता का, असा एक आगाऊ विचार माझ्या मनात येऊन जातो.

लहानग्यांना सामील करून घेण्याच्या आणखी चांगल्या रीती आपल्या आसपासच आहेत, फक्त शेजाऱ्याच्या घरात डोकावायला हवं. रमजान ईदच्या नमाजाआधी घरटी जो फितरा, म्हणजे गरिबांसाठीचं दान, काढतात तो माणशी असतो, त्यात पाळण्यातल्या बाळाचाही वाटा काढावा लागतो. म्हणजे ते पोर बोलायला लागायच्या आत कुणाच्या तरी ईदच्या जेवणात त्याचा हिस्सा जमा झालेला असतो. नागपुरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर भोजनदानाचे स्टॉल लागतात. चैत्यभूमीला 6 डिसेंबरला येताना फुलं-मेणबत्त्यांऐवजी एक वही, एक पेन आणा, अशी मोहीम चालते. तिथल्या वह्या मात्र मला खटकत नाहीत. त्या मागणाऱ्यांनी स्वतः मागितलेल्या आहेत.

शाळांनीही यात उडी घेतलीय. एका शाळेत 'दयाळूपणाचे गुण' देतात असं कळलं. कुणाला मदत केली की वहीत तारा. मला हे अजिबात पटत नाही, आणि इथे माझ्या बाजूने थोडं संशोधनही आहे. लायपझिगच्या संशोधकांनी 2008 मध्ये वीस महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडते, बाळ ती आपणहून उचलून देतं. ज्या बाळांना त्याबद्दल बक्षीस म्हणून खेळणं दिलं, ती पुढे कमी मदत करायला लागली. ज्यांना काहीच दिलं नाही, ती करत राहिली. 2012 मध्ये कॅनडात दोन वर्षांखालच्या मुलांबाबत दिसलं की स्वतःच्या वाटीतला खाऊ बाहुल्याला देताना त्यांचा चेहरा जास्त खुलतो, आयत्या मिळालेल्या खाऊतला दिला तर तेवढा नाही. स्वतःच्या वाटीतला! हे वाचून कुणी लगेच पोराच्या हातातली आवडती गाडी पाहुण्यांच्या मुलाला देऊन टाकू नये. पोराच्या हातून हिसकून दिलेल्याला पोराचं दान म्हणता येत नाही, ते आईचं दान झालं आणि पोराची चोरी. वाटी त्याची आणि निर्णयही त्याचा, तरच चेहरा खुलणार.

आता जरा न आवडणारं. घरात मुलांना औदार्याचे सगळ्यात जास्त धडे मिळतात ते सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, कामाला येणाऱ्या मावशींशी आपण कसे वागतो त्यातून. फ्रीजमधली परवाची भाजी "मावशी, तुम्ही घेऊन जाता का, नाहीतर टाकावी लागेल" म्हणून पुढे केली की शेजारी दूध पिणाऱ्या मुलाच्या डोक्यात देण्याची व्याख्या पक्की होते. दिवाळीला साडी हौसेने द्यायची आणि मुलगा तापाने फणफणला म्हणून मावशी दोन दिवस आल्या नाहीत तर ते पैसे कापायचे, असं करणारी चांगली, सुशिक्षित, देणग्या देणारी घरं मला माहीत आहेत. साडी नको, पगारी सुट्टी द्या. जे त्यांचं आहे ते आपण दान म्हणून देतो आणि वर समाधानाने झोपतो. जुन्या गावगाड्यात खळ्यावर बलुतेदारांना धान्य मिळायचं तो त्यांच्या कामाचा मोबदला होता, तरी पाटील तो उपकार केल्याच्या थाटात मोजायचा. तो थाट आपण शहरात जसाच्या तसा घेऊन आलोय. मुलांना बरणीत पैसे टाकायला शिकवण्याआधी महिन्याच्या हिशेबाची वही एकदा त्यांच्यासमोर उघडून बसावं. त्यांचे प्रश्न फार गैरसोयीचे असतात. "मावशींना शनिवार-रविवार का नसतो?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी रविवारची भांडी आमच्या अंगावर आली, आणि त्याबद्दल घरात सगळे समान नाराज आहेत.

यंदा आबा ऑगस्टमध्ये आमच्याकडे होते. मुलांची टोळी पावती पुस्तक घेऊन पहिल्याच दिवशी त्यांच्यापाशी आली, कारण आबा म्हणजे हक्काची पावती. आबांनी चष्मा लावला, पुस्तक उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "गेल्या वर्षीचा जमाखर्च कुठाय?"

मुलं गप्प. "तो... तसा नाही केला."

"मग वर्गणी पण तशी नाही मिळणार. बोर्डिंगात पोतं आलं की आम्ही आधी मापून वहीत मांडायचो, मग दळायला. मागून आणलेल्याचा हिशेब आपल्या पैशापेक्षा कडक ठेवायचा असतो. जा, लिहून आणा."

तेव्हापासून दोन संध्याकाळ आमच्या हॉलमध्ये बैठक बसली. मूर्ती, मखर, फुलं, प्रसाद, पावती पुस्तकाची छपाई, टेनिस बॉल, भोरला पार्सल पाठवल्याचे पैसे. सगळी बेरीज करून अडीचशे रुपयांचा फरक येत होता. कुणी म्हणालं, मोदकांचे जास्त लागले असतील. कुणी म्हणालं, विसर्जनाला आइस्क्रीम खाल्लं होतं त्याचे. त्यावरून मोठं भांडण झालं, कारण आइस्क्रीम वर्गणीतून खाल्लं हे ठरावीक जणांनाच माहीत होतं. मुलगी कागद घेऊन आबांकडे गेली आणि घाबरत म्हणाली, "आबा, आइस्क्रीम कुठल्या खात्यात लिहू?"

"आइस्क्रीम म्हणूनच लिही," आबा म्हणाले. "आणि खाली सह्या घे, खाणाऱ्यांच्या."